सोहेल नावाचा अर्थ काय? उत्तर शब्दकोशात कमी आणि आकाशात जास्त सापडतं

९ मार्च १९९६. बंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम, वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल आणि समोर पाकिस्तान. आमिर सोहेलने वेंकटेश प्रसादला चौकार मारला आणि बॅट सीमारेषेकडे रोखून 'पुढचाही तिकडेच जाणार' असा इशारा केला. पुढच्याच बॉलला त्याचा ऑफ स्टंप उडाला. हा किस्सा माहीत नाही असा क्रिकेटवेडा शोधून सापडायचा नाही.

पुढे २००८ साली आयपीएलच्या पहिल्याच सीझनमध्ये सोहेल तन्वीरने राजस्थान रॉयल्सकडून २२ विकेट घेऊन पर्पल कॅप मिळवली. पडद्यावर सोहेल खान आहेच. थोडक्यात, हे नाव आपल्या कानावरून गेलेलं आहे.

पण याचा अर्थ काय?

बाळाच्या नावांच्या वेबसाइटवर शोधलं तर एका ठिकाणी 'तेजस्वी' मिळतं, दुसरीकडे 'शांत स्वभावाचा', तिसरीकडे 'सोपा' आणि एखाद्या ठिकाणी तर चक्क 'चंद्रप्रकाश'. एकाच नावाचे चार अर्थ, आणि चौघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ज्यांना खरंच मुलाचं नाव ठेवायचं आहे त्यांनी यातला कोणता धरायचा?

तर झालंय असं, की हे नाव आधी एका ताऱ्याचं आहे. आणि तो तारा काय काम करायचा हे कळलं, की नाव आपोआप कळतं.

आधी शब्द समजून घेऊ

मूळ अरबी उच्चार 'सुहैल'. फारसी आणि उर्दूतून आपल्याकडे येताना त्याचं सोहेल, सुहेल, सोहिल असं झालं. नाव एकच, फक्त तोंड बदललं.

अरबीत 'सहल' म्हणजे सोपं, सपाट, चालायला त्रास होणार नाही अशी जमीन. 'सुहैल' हे त्याचं लघुरूप, म्हणजे आपल्याकडे ढोलची ढोलकी होते तसं. अरबीत हा साचा खूप वापरला जातो. हसनचं हुसैन आणि उमरचं उमैर याच साच्यातून आलेलं आहे. वेबसाइटवरचे 'सोपा' आणि 'शांत' हे अर्थ इथून आले.

शब्दाच्या बाजूने ते चूक नाहीत. पण एवढ्यावर थांबणं म्हणजे 'ध्रुव' या नावाचा अर्थ 'स्थिर' असा सांगून ध्रुवताऱ्याचा उल्लेखच न करण्यासारखं आहे. अरब माणसाला 'सुहैल' म्हटल्यावर सपाट जमीन आठवत नाही. त्याला दक्षिणेच्या क्षितिजावरचा एक तारा आठवतो.

आणि हो, साहिल वेगळा. साहिल म्हणजे समुद्रकिनारा. आफ्रिकेतल्या सहाराच्या खालच्या पट्ट्याला 'साहेल' म्हणतात तेही याच शब्दावरून, कारण तो वाळवंटाचा किनाराच आहे. देवनागरीत दोन्ही नावांत एकच 'ह' दिसतो, पण अरबीत ही दोन वेगळी अक्षरं आहेत. त्यामुळे साहिल आणि सुहैल हे भाऊ नाहीत, लांबचे नातेवाईकही नाहीत.

हा तारा आहे तरी कोणता?

रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा व्याध, म्हणजे सिरियस. त्याच्या खालोखाल नंबर लागतो तो सुहैलचा. खगोलशास्त्रात त्याला कॅनोपस म्हणतात. तो आपल्यापासून साधारण ३१० प्रकाशवर्षं लांब आहे. व्याध फक्त साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे व्याध जवळ असल्यामुळे झगमगतो आणि सुहैल इतक्या लांबून दुसरा नंबर काढतो. प्रत्यक्षात तो सूर्यापेक्षा दहा हजारांहून जास्त पट प्रकाश फेकतो.

पण त्याची एक अडचण आहे. तो आकाशात फार दक्षिणेला आहे. तुम्ही जितके उत्तरेला जाल तितका तो क्षितिजाकडे उतरत जातो. मुंबईतून तो जास्तीत जास्त १८ अंश वर येतो, दोहामधून साधारण १२ आणि बगदादमधून जेमतेम ४. इस्तंबूल किंवा अथेन्समधून तो दिसतच नाही. म्हणून अरबांनी त्याला यमनकडचा, म्हणजे दक्षिणेकडचा तारा म्हटलं.

इथे एक गंमत सांगून ठेवतो. मोबाइलमधल्या आकाश दाखवणाऱ्या ॲपवर 'सुहैल' टाइप केलंत तर बहुतेक वेळा दुसराच तारा समोर येईल. जुन्या अरबांनी दक्षिणेकडच्या आणखी काही ताऱ्यांनाही सुहैल म्हटलं होतं. २०१६ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ताऱ्यांची नावं पक्की केली, तेव्हा मोठ्या सुहैलला 'कॅनोपस' मिळालं आणि 'सुहैल' हे नाव शेजारच्या नौशीर्ष तारकासमूहातल्या एका बऱ्याच फिकट ताऱ्याकडे गेलं. म्हणून ॲपमध्ये शोधताना 'कॅनोपस' किंवा 'अगस्त्य' शोधा.

अगस्त्य का, ते पुढे येतंच.

वाळवंटात या ताऱ्याची वाट का बघतात?

आपल्याकडे ७ जूनच्या आसपास मृग लागतो. तोवर शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे असतात. पाऊस त्या दिवशी पडेलच असं नाही, पण मृग लागला या एका वाक्यात अर्धा धीर असतो.

अरबस्तानात हेच काम सुहैल करतो.

उन्हाळ्याचे साधारण तीन महिने हा तारा तिथून गायब असतो. तो जातो कुठे? कुठेच नाही. त्या काळात तो सूर्यासोबतच दिवसा आकाशात असतो, त्यामुळे दिसत नाही. हेच ते महिने, जेव्हा आखातात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि रात्रीसुद्धा वारा गरम असतो. मग ऑगस्टच्या शेवटी, २४ तारखेच्या आसपास, पहाटे सूर्य उगवायच्या थोडं आधी दक्षिण-आग्नेयेला क्षितिजालगत एक ठिपका लुकलुकतो. सुहैल आला!

दक्षिणेकडच्या यमन-ओमानमध्ये तो आधी दिसतो आणि उत्तरेकडच्या कुवेतला पोचायला सप्टेंबर उजाडतो.

तो दिसला म्हणजे दुसऱ्या दिवशी गारवा येतो असं अजिबात नाही. दिवसाचं ऊन पुढे बरेच दिवस तसंच राहतं. पण रात्री हळूहळू सुसह्य व्हायला लागतात. सुहैल उगवला की रात्र गार होते, या अर्थाची म्हणच अरबीत आहे. संयुक्त अरब अमिरातीत आजही दरवर्षी सुहैल दिसल्याची बातमी होते, लोक त्याचे फोटो टाकतात आणि एकमेकांना कळवतात.

आखातातल्या कोळ्यांनी, मोती काढणाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी तर अख्खं कॅलेंडर या ताऱ्यावर बसवलं होतं. त्याला 'दुरूर' म्हणतात. सुहैल दिसला तो पहिला दिवस, आणि तिथून दहा-दहा दिवसांचे गट मोजत जायचं. पेरणी कधी करायची, बोट कधी बाहेर काढायची, वारा कधी फिरणार हे सगळं त्या हिशोबावर चालायचं.

समुद्रावरही तोच. अरब खलाशांच्या होकायंत्रात ३२ दिशा होत्या आणि त्यांना ताऱ्यांची नावं होती. दक्षिणेच्या जवळच्या दोन दिशा सुहैलच्या उगवतीवरून आणि मावळतीवरून ओळखल्या जायच्या. मक्केतल्या काबाच्या इमारतीची लांब बाजूसुद्धा साधारण सुहैलच्या उगवतीच्या दिशेने आहे, असं अभ्यासकांनी मोजून दाखवलं आहे.

आता सांगा, अशा ताऱ्याचं नाव बापाने मुलाला ठेवलं तर त्याच्या मनात काय असेल? 'सोपा' की 'चंद्रप्रकाश'? दोन्ही नाही. उन्हाळा सरत आला, आता थोडा निवांतपणा मिळेल, हा खरा अर्थ.

पळून गेलेल्या नवरदेवाची गोष्ट

इतका तेजस्वी तारा सगळ्यांना सोडून एकटाच दक्षिणेच्या कोपऱ्यात का बसलाय? हा प्रश्न जुन्या अरबांनाही पडला होता. त्यांनी त्यावर एक गोष्ट रचली.

सुहैलचं लग्न झालं जौझाशी. जौझा म्हणजे ज्याला आपण मृग नक्षत्र म्हणतो त्या भागातली ताऱ्यांची बाई. लग्नाच्या रात्री सुहैलच्या हातून तिच्या पाठीचा कणा मोडला. आता बदला घेतला जाणार या भीतीने तो दक्षिणेकडे पळाला आणि परत आलाच नाही.

त्याला दोन बहिणी होत्या. एक व्याध, दुसरी प्रश्वा. व्याध आकाशगंगा ओलांडून भावाच्या मागे गेली, म्हणून अरबीत तिला 'ओलांडणारी' असं नाव पडलं. प्रश्वाला ते जमलं नाही. ती अलीकडच्या काठावर राहिली आणि रडून रडून तिचे डोळे अधू झाले. म्हणून ती फिकट दिसते.

गोष्ट गोष्टच आहे, पण आकाश बघितलं तर मांडणी अगदी तशीच दिसते. मृगाच्या पलीकडे व्याध, आकाशगंगेच्या दुसऱ्या बाजूला प्रश्वा आणि खाली लांब दक्षिणेला एकटा सुहैल.

आणि आपल्याकडे तोच अगस्ती

हाच तारा आपल्या परंपरेत अगस्त्य आहे. मराठीत साधा अगस्ती.

अगस्ती ऋषींची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. विंध्य पर्वत वाढत चालला होता. अगस्ती दक्षिणेकडे निघाले तेव्हा तो नमस्काराला वाकला. 'मी परत येईपर्यंत असाच राहा' असं सांगून ऋषी दक्षिणेला गेले आणि परत आलेच नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्यात प्रवरेच्या काठी त्यांचा आश्रम दाखवतात.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. एकीकडे पळालेला नवरदेव, दुसरीकडे समुद्र पिणारा ऋषी. माणसं अगदी वेगळी. पण दोघंही दक्षिणेला गेले आणि परत आले नाहीत. याचा अर्थ कोणी कोणाची गोष्ट उचलली असा नाही. तारा दोघांनाही तिथेच दिसत होता आणि प्रश्नही दोघांना एकच पडला होता.

आणखी एक साम्य आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत अगस्त्याच्या उदयासाठी वेगळा अध्यायच दिला आहे. आपल्याकडे समजूत अशी, की पावसाळ्याच्या शेवटी अगस्ती उगवला की नद्यांचं गढूळ पाणी निवळतं. तिकडे सुहैल उगवला की तापलेली हवा निवते, इकडे अगस्ती उगवला की गढूळ पाणी निवळतं. त्रासाचे दिवस सरल्याची खबर एकाच ताऱ्याने दोन देशांना दिली.

माणसांना हे नाव कधीपासून?

इस्लामच्या आधीपासून. म्हणजे हे नाव मूळचं धार्मिक अर्थाचं नाही.

इतिहासात सगळ्यात प्रसिद्ध सुहैल म्हणजे मक्केच्या कुरैश टोळीतले सुहैल इब्न अम्र. ते त्यांच्या भाषणांसाठी ओळखले जायचे. ६२८ साली हुदैबियाचा तह झाला तेव्हा मक्केच्या बाजूने वाटाघाटी करायला तेच आले होते. करारात पैगंबर मोहम्मदांचा उल्लेख 'अल्लाहचे प्रेषित' असा नको, 'अब्दुल्लाचे पुत्र मोहम्मद' असा हवा, यावर ते अडून बसले आणि ते मान्य झालं. पुढे मक्का मुसलमानांच्या ताब्यात आल्यावर त्यांनीही इस्लाम स्वीकारला. विरोधी बाजूने वाटाघाटी करणाऱ्या माणसाचं नाव पुढच्या पिढ्यांनी आपल्या मुलांना ठेवायला काही अडचण आली नाही.

तिथून हे नाव लांब लांब गेलं. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर फुएन्हिरोला नावाचं गाव आहे. अरब राजवटीत त्याचं नाव सुहैल होतं आणि तिथल्या किल्ल्याला आजही सोहैलचा किल्लाच म्हणतात. हा तारा तिथून अगदी क्षितिजाला टेकलेला असतो. बाराव्या शतकातले विद्वान अस-सुहैली याच परिसरातले. पुढे मराकेशच्या सात संतांमध्ये त्यांची गणना झाली.

पूर्वेकडे फारसी कवींनी सुहैलला डोक्यावर घेतलं. यमनच्या कातड्याला रंग आणि सुगंध सुहैलच्या उजेडामुळे येतो, ही त्यांची आवडती कल्पना.

पंचतंत्राशी असलेलं नातं

हे नाव एका अशा पुस्तकावर आहे, ज्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत.

आपलं पंचतंत्र सहाव्या शतकात इराणमध्ये गेलं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत आणलं. त्यातल्या करटक आणि दमनक या दोन कोल्ह्यांचं झालं कलीला आणि दिम्ना. पंधराव्या शतकाच्या शेवटी हेरात शहरात हुसैन वाइज काशिफी यांनी त्याच गोष्टी फारसीत नव्याने लिहिल्या. आश्रय देणारे अमीर होते शेख अहमद सुहैली. त्यांच्या नावावरून पुस्तकाचं नाव ठेवलं 'अन्वार-ए-सुहैली', म्हणजे सुहैलचे प्रकाश.

हे पुस्तक मुघल दरबारात आलं. अकबराच्या काळात १५७० साली त्याची एक चित्रांनी सजवलेली प्रत तयार झाली, ती आज लंडनमध्ये आहे. इथून निघालेल्या गोष्टी सुमारे हजार वर्षांनी सुहैलचं नाव लावून घरी परतल्या. फारसी शिकणाऱ्यांत हे पुस्तक इतकं वाचलं गेलं, की सुहैल हा शब्द हिंदुस्थानात अनोळखी राहिला नाही.

आज हे नाव कितपत चालतं?

मोहम्मद, अहमद, अली यांच्यासारखं घरोघरी सापडणारं हे नाव नाही. पण ते कधी मागेही पडलं नाही. आखातात ते जुन्या घराण्यांत टिकून आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या ऊर्जा खात्याचे मंत्री सुहैल अल मजरूई हे त्यातलं जगभर माहीत असलेलं नाव. इराण, पाकिस्तान आणि भारतात 'सोहेल' हे रूप चालतं. बऱ्याचदा ते आमिर सोहेलसारखं दुसऱ्या जागी येतं. मुलींसाठी सुहैला हे रूप आहे.

नव्या जगातही त्याला मागणी आहे. कतारने आपल्या उपग्रहांना 'एस-हैल' हे नाव दिलं, तो याच ताऱ्याचा तिथला उच्चार. पहिला उपग्रह २०१३ च्या ऑगस्टमध्ये सुटला, दुसरा नोव्हेंबर २०१८ मध्ये. दोहामध्ये भरणाऱ्या ससाण्यांच्या आणि शिकारीच्या प्रदर्शनाचं नावही सुहैलवरूनच आहे. आणि नासाचं मरिनर-४ हे यान १९६४ साली मंगळाकडे निघालं, तेव्हा दिशा चुकू नये म्हणून त्याने याच ताऱ्यावर नजर ठेवली होती. उंटावरच्या वाटाड्याचा तारा यानाच्याही कामाला आला.

हे नाव ठेवायचं असेल तर

पहिली गोष्ट, स्पेलिंग एकदाच ठरवा. सुहैल, सुहेल, सोहेल, सोहिल ही सगळी रूपं चालतात, पण जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि दहावीच्या मार्कशीटवर तिसरं असं झालं की पुढे पासपोर्टच्या वेळी प्रतिज्ञापत्रं आणि गॅझेटचे हेलपाटे सुरू होतात. उच्चार मूळ अरबीच्या जवळ हवा असेल तर सुहैल, लोकांना पटकन कळायला हवा असेल तर सोहेल. काहीही घ्या, पण सगळीकडे तेच ठेवा.

दुसरी गोष्ट, नावांच्या वेबसाइटवरचा एका शब्दाचा अर्थ जसाच्या तसा उचलू नका. त्या एकमेकींवरून कॉपी करतात आणि एकीची चूक दहा ठिकाणी जाते. 'चंद्रप्रकाश' तसाच फिरतोय, या नावाचा चंद्राशी काही संबंध नाही. मुलाला आयुष्यभर कोणी ना कोणी विचारणार आहे, 'तुझ्या नावाचा अर्थ काय रे?' तेव्हा त्याच्याकडे सांगायला खरी गोष्ट हवी.

आणि सोहेलकडे ती आहे. फक्त सांगायचीच नाही, तर दाखवायचीही. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत रात्री नऊ-दहाच्या सुमाराला दक्षिणेकडे इमारत किंवा डोंगर नसेल अशा जागी उभे राहा. आधी मृग शोधा, मग त्याच्या शेजारचा लखलखीत व्याध. तिथून नजर सरळ खाली क्षितिजाकडे आणा. हात लांब करून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या, की साधारण तेवढ्या उंचीवर एक ठळक पांढरा तारा दिसेल.

शेजारच्या काकू म्हणतील तो अगस्ती. सोहेल म्हणेल, तो मीच.

दोघंही बरोबर असतील.